भिंतीपलीकडे द्राक्षं

"हे काय आहे?"

आमचे मॅनेजर शिरसाठ सर दारातच थबकले होते. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चाखून बघायला घेतलेला द्राक्षाचा मणी, आणि नजर आमच्या पाठीमागच्या भिंतीवर. तिथे छताजवळच्या पट्टीला सुतळी बांधून आम्ही तीन गोधड्या टांगल्या होत्या. एक कुंदाताईंच्या सासूच्या लुगड्यांची, एक ताहेराच्या घरची हिरव्या काठाची, आणि मधली माझ्या माहेरची, जिच्यावर मी लहानपणी काय काय सांडलं त्याचा सगळा इतिहास होता.

"गोधड्या आहेत सर," कुंदाताई संगणकावरची नजर न हलवता म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. भिंतीला कशाला?"

"भिंतीला थंडी वाजत होती."

ताहेराने स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला. तिचे खांदे हलत होते. मी हसले नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं.

"एक्स्पोर्टचं पॅकहाऊस आहे हे, वाळवण घातलेली गच्ची नाही," सर म्हणाले. "सोमवारी हॉलंडच्या खरेदीदाराचा माणूस येतोय पाहणीला. त्याला काय सांगू? आमचा स्टाफ भिंतींना पांघरुणं घालतो?"

"त्याला सांगा, इथे बसून बघ," मी म्हणाले.

"ऋतुजा, तू बाळंतपणातून आल्यापासून फार उलट बोलायला लागलीस."

"सर, माझी बोटं वळत नाहीत. सकाळपासून एका बागेचा नोंदणी क्रमांक मी तीनदा चुकवलाय."

"मग चौथ्यांदा नीट टाक. आणि सोमवारच्या आत ही धुणी उतरली पाहिजेत." त्यांनी मणी तोंडात टाकला आणि ते निघून गेले.

आमचं पॅकहाऊस निफाड तालुक्यात, चारी बाजूंनी द्राक्षबागा असलेल्या रस्त्यावर होतं. बागेतून आलेली द्राक्षं निवडून, खोक्यांत भरून आधी गार खोलीत जात. तिथे त्यांच्या अंगातली उष्णता काढून घेतली की मग कंटेनर. त्या गार खोलीची, म्हणजे चेंबरची, एक भिंत आणि आमच्या ऑफिसची एक भिंत, ही एकच. पलीकडे द्राक्षं, अलीकडे आम्ही तिघी: कुंदाताई निर्यातीची कागदपत्रं बघायच्या, ताहेरा लेबलं छापायची, मी कुठलं खोकं कुठल्या बागेतलं याची नोंद ठेवायची. लोकांना वाटायचं, काय मजा, उन्हाळ्यात फुकटचा एसी. पण द्राक्षाचा हंगाम थंडीतला. उन्हाळ्यात चेंबर बंद आणि आम्ही घामाघूम. थंडीत मात्र बाहेरची थंडी संपायची तिथून आमची सुरू व्हायची.

त्या वर्षी तर निफाडचा पारा रोज बातम्यांत होता. मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवत होते. स्कूटीवरून येताना मला दोन्ही बाजूंना धूर दिसायचा. बागेतल्या द्राक्षांना थंडी वाजू नये म्हणून शेकोट्या, चेंबरमधल्या द्राक्षांना ऊब लागू नये म्हणून मशीन, आणि आमच्यासाठी? आमच्यासाठी नोटीस. ताहेराने घरून हीटर आणून टेबलाखाली लावला, तेव्हा मेन स्विचचं बटण पडलं, लेबलांचं मशीन बंद पडलं, आणि तासाभरात दाराला कागद चिकटला: कार्यालयात हीटर, शेगडी, इस्त्री इत्यादी वापरण्यास सक्त मनाई.

"इस्त्री कुणी लावली होती?" कुंदाताईंनी विचारलं.

"मी," ताहेरा म्हणाली. "मोज्यांवर. पायातल्याच."

बाकीच्यांसाठी ही गैरसोय होती. माझ्यासाठी तो नोकरीचा प्रश्न होता, आणि त्याचं कारण घरी पाळण्यात होतं.

शर्वी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि मी कामावर परत आल्यापासून तिचं नाक वाहत होतं. थांबायचं, पुन्हा वाहायचं. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, छाती साफ आहे, काळजी करू नका. मी काळजी करत होते. झोपेत तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे, कानाच्या पाळीला हात लावून बघायचे, ऑफिसमधून दुपारी घरी फोन करायचे. तो बरेचदा वाजून वाजून बंद पडायचा. सासूबाईंचं मात्र निदान पक्कं होतं.

"अंगात गारठा भरून येतेस आणि तसंच पाजतेस पोरीला," त्या म्हणायच्या. "मग काय होणार?"

मी दारातून आत आले की आधी चुलीपुढे बसायचं, पाठ शेकायची. मग मोरीत जाऊन पहिलं दूध पिळून टाकायचं, कारण ते गार असतं. त्यानंतर पोरगी हातात मिळायची. तोवर ती रडून लाल झालेली असायची.

"आई, दूध गार नसतं हो. अंगातच असतं ना ते? अंगाइतकंच गरम असतं."

"बीएस्सीला हे शिकवलं?"

"हो. हेच शिकवलं."

"मग नाक का गळतंय तिचं?"

याला मायक्रोबायोलॉजीत उत्तर होतं, पण ते त्या मोरीत, थंडीने काकडत, ब्लाऊजची बटणं उघडी टाकून द्यायचं उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही रात्रंदिवस शंका यायची. मी पिळून टाकायचे. मोरीच्या दगडावरून ते पांढरं ओघळताना बघून डोक्याची शीर तडकायची.

माझ्या नवऱ्याचं, हर्षलचं, खतं-औषधांचं दुकान होतं, गावातच. दुकानात तो शेतकऱ्यांना एकेका फवारणीवर दहा मिनिटं समजावून सांगायचा. घरी त्याचं एकच वाक्य असायचं. "आई म्हणतेय तर काहीतरी असेल ना."

"काय असेल?"

"आता ते मला काय माहीत. तिने चार वाढवलीत."

मग एका संध्याकाळी सासूबाईंनी जाहीरच केलं. चहाचा कप त्यांनी नेहमीसारखा अर्धाच भरून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत बघू. तोवर पोरीचं नाक थांबलं तर ठीक. नाहीतर ती नोकरी सोड. पोरगी मोठी झाली की कर पुन्हा."

"पुन्हा कोण घेईल मला?"

"द्राक्षं काय कुठे पळून जाणारेत?"

मी हर्षलकडे बघितलं. तो पेपर वाचत होता. पेपर कालचा होता.

म्हणून गोधड्या. माझी कल्पना होती ती. ऑफिस उबदार झालं की माझं अंग उबदार, अंग उबदार की सासूबाईंच्या हिशोबाने दूध उबदार. त्यांच्या शास्त्राने का होईना, मला माझी नोकरी वाचवायची होती. आणि गोधड्यांनी फरक पडलाही. पाठीत घुसणारी ती सुरी बोथट झाली. कुंदाताईंनी दोनपैकी एक स्वेटर काढला. आणि नेमके तेव्हा शिरसाठ सर दारात उगवले.

त्याआधी मी मालकांनाही सांगून बघितलं होतं. मालक म्हणजे नाना. धोतर-टोपी, अंगावर घोंगडीच्या रंगाची शाल, आणि स्वतःच्या चाळीस एकर बागेतून उभा केलेला हा सगळा पसारा. माणूस वाईट नव्हता. माझ्या बाळंतपणात त्यांनी डिंकाचे लाडू पाठवले होते. पण मी म्हणाले, "नाना, इथे फार थंडी आहे," तर ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या लहानपणीच्या थंडीची गोष्ट सांगायला लागले. दवात अनवाणी, रात्रपाळीला, उसाला पाणी भरायला. "तुम्हाला तरी खुर्च्या आहेत गं पोरींनो," ते उठताना म्हणाले. "स्वेटर घालत जा. अंगात रक्त असलं पाहिजे माणसाच्या."

"माझं रक्त पातळ आहे म्हणून सांगायला हवं होतं," त्यांची पाठ वळल्यावर ताहेरा म्हणाली. "डॉक्टरची चिठ्ठी आणू का?"

शनिवारी आम्ही गोधड्या उतरवल्या. मी टेबलावर चढले, सुतळी सोडली आणि मधली गोधडी माझ्या अंगावर आली. ती जड होती. इतकी जड ती नव्हतीच. मी तिची भिंतीकडची बाजू उलटली.

"कुंदाताई, हात लावा."

"अगंबाई. ओली कशानं झाली?"

वरून पाणी पडायचं कारण नव्हतं. छप्पर कोरडं होतं. भिंत मात्र, जिथे दोन पत्रे एकमेकांना जुळतात तिथे, वरपासून खालपर्यंत घामेजलेली होती. गोधडी नव्हती तेव्हा हवेने वाळत असेल, म्हणून कधी ध्यानात आलं नव्हतं. मी त्या सांध्यावर तळहात ठेवला. बर्फाला लावल्यासारखा. चार बोटं सरकवला तर गार, पण नुसता गार. पुन्हा सांध्यावर ठेवला.

"ओल आलीये," शिरसाठ सर आल्यावर म्हणाले. "रंग मारून घेऊ. सोमवारनंतर."

"सर, ओल नाही ही. आतली थंडी बाहेर येतेय. या सांध्यातून."

"आता तू इंजिनिअर पण झालीस का? उतरव ती बाकीची धुणी."

मी ओली गोधडी घडी न करता छातीशी धरली आणि बाहेर आले. अंगणात नाना उभे होते, ट्रॅक्टरमधून उतरणाऱ्या क्रेट्सकडे बघत. माझा संताप इतका वर आला होता की मी थंडी, पाठ, बोटं, माझी पोरगी, सगळं त्यांच्या अंगावर फेकणार होते. तोंड उघडलं आणि मला त्यांचा चेहरा दिसला. मी बोलायच्या आधीच त्यांनी तो लहानपणीच्या उसाकडे वळवायची तयारी केली होती.

"नाना," मी म्हणाले, "तुमची द्राक्षं गरम होतायत."

नाना वळले. नुसते वळले नाहीत, हातातला घड त्यांनी क्रेटमध्ये खाली ठेवला.

"काय म्हणालीस?"

"चेंबरची थंडी भिंतीतून आमच्या खोलीत गळतेय. ही बघा, गोधडी भिजलीय. तितकी थंडी द्राक्षांना कमी मिळतेय. मशीन उगाच चालतंय."

"कुठेय ती भिंत?"

ते माझ्यापुढे चालत ऑफिसात शिरले. या खेपेला खुर्ची ओढली नाही. सांध्याला हात लावला, शाल बाजूला करून गाल लावला, आणि मग त्यांनी शिरसाठ सरांना हाक मारली ती पॅकिंगच्या हॉलमधल्या बायकांचे हात थांबतील इतकी मोठी होती.

"शिरसाठ! माल गार व्हायला उशीर लागतोय म्हणून कंप्रेसरवाल्याच्या नावानं बोंबलत होतास ना पंधरा दिवस? ही भिंत कुणी बघायची? माझ्या बापानं?"

"नाना, मी आत्ताच म्हणत होतो, ओल..."

"ओल नाही ती! माझी थंडी आहे!"

त्याच दुपारी नाशिकहून माणसं आली. त्यांनी आमची टेबलं बाहेर काढली, सांधे उकलले, आतला भिजून लगदा झालेला थर काढला, नवा भरला, वरून पट्ट्या मारल्या. रविवारीही काम चाललं. आम्ही महिनाभर काकडत होतो तेव्हा स्वेटर घाला म्हणणाऱ्या माणसाने द्राक्षांसाठी रविवारी सुट्टीच्या दिवशी स्वतः उभं राहून भिंत बांधून घेतली, आणि मजुरांना दोनदा चहा पाजला.

"पुढच्या जन्मी," कुंदाताई म्हणाल्या, "थॉमसन द्राक्षाच्या जातीत जन्म घ्यायचा."

सोमवारी हॉलंडचा माणूस येऊन गेला. आमच्या खोलीत तो अर्धं मिनिटही थांबला नाही. पण खोली बदलली होती. भिंत नुसती भिंत झाली होती. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर पडत होतं आणि ते खरोखर ऊन वाटत होतं. ताहेराने स्कार्फ सोडला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिने केस कापलेत. मी मात्र आनंद करायला तिथे थांबलेच नाही. कधी एकदा पाच वाजतात आणि घरी जाऊन सांगते असं झालं होतं.

"आई, हात बघा," मी दारातूनच म्हणाले. दोन्ही हात त्यांच्या गालांना लावले. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं. "गरम आहेत की नाही? भिंत दुरुस्त झाली. ऑफिसात आता थंडीच नाही. पाजू का तिला?"

सासूबाई जरा मागे सरल्या. शर्वी झोळीत होती, जागी, नाक कोरडं. दोन दिवसांपासून कोरडं होतं, माझं लक्ष होतं त्यावर.

"हात गरम असून काय," त्या म्हणाल्या. "येतेस त्या धुरातून. बागांचा तो शेकोट्यांचा धूर. तो सगळा अंगात जातो. तो उतरतोच दुधात."

मी पर्स खाली टाकली. मला ओरडायचं होतं. महिनाभर मी त्यांच्या शास्त्राप्रमाणे वागले होते, पाठ शेकली, दूध मोरीत घातलं, भिंत उघडायला लावली, आणि आता धूर! उद्या धूर बंद झाला तर धूळ, धूळ बंद झाली तर दृष्ट.

तोंडाशी आलेलं वाक्य तसंच थांबलं. थंडी नाही, धूर नाही. मग काय? नानांनी माझी थंडी ऐकली नाही म्हणून मी त्यांना द्राक्षं सांगितली होती; खरं दुखणं गिळून दुसरंच काहीतरी पुढे करायचं, हे माझं मला ठाऊक होतं. या बाईला काय सांगता येत नव्हतं?

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. "आई, तुम्हाला काय होतंय?"

"मला काय व्हायचंय?"

"दुपारी फोन का उचलत नाही तुम्ही?"

त्यांनी पदराखालून उजवा हात काढून माझ्यापुढे धरला. मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठा आणि दोन बोटं आत आलीच नाहीत. हात नुसता थरथरत राहिला.

"मुंग्या येतात," त्या म्हणाल्या. "कोपरापासून. धरलेलं सुटतं. फोन सुटतो, भांडं सुटतं." आणि मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू: "न्हाऊ घालत होते. पायावर होती. साबण लागलेला. उचलायला गेले आणि निसटली गं. पायावरनं खाली, पाण्यात. घंगाळाला डोकं लागता लागता राहिलं. डाव्या हाताने ओढली. रडली नाही, उलट हसली. मी रडले."

"कधी?"

"झाले काही दिवस. तेव्हापासून नुसतं पुसून घेते तिला."

मी झोळीकडे धावले. शर्वीचं डोकं, मान, पाठ, हात, पाय, सगळं चाचपून बघितलं. तिला वाटलं खेळतेय. मी तिला घट्ट धरून उभी राहिले.

"मला सांगायचं ना!"

"सांगून काय झालं असतं? पोरगी माझ्यापाशी ठेवली असतीस? कुठे पाळणाघरात टाकली असतीस. मग मी या घरात काय, भिंतीकडे बघत बसायचं?" त्यांनी हात पुन्हा पदराखाली घेतला. "वाटलं, तू घरी राहिलीस तर पोरगी पण घरात राहील आणि मला कुणी काही विचारणार नाही."

हर्षल दुकान बंद करून आला तेव्हा आम्ही दोघी एकाच पायरीवर बसलो होतो आणि चहा मी केला होता. त्याला सगळं सांगितलं. तो आईच्या हाताकडे बघत राहिला.

"आई म्हणतेय तर..." त्याने सवयीने सुरुवात केली.

"पुढे बोल," मी म्हणाले. "तर काय असेल?"

त्याने आईचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून वळवून बघायला लागला, दुकानात आलेलं रोगट पान उलटून बघतो तसा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाशिकच्या डॉक्टरकडे जायचं त्याने ठरवलं. यापुढे दुपारी तो जेवायला घरी येईल, शेजारच्या मालतीकाकू मधूनमधून डोकावतील, उचलायचं काम त्यांचं. राहिली आंघोळ.

"ती मी सकाळी घालीन," मी म्हणाले. "लवकर उठेन."

"पहाटेच्या गारठ्यात?" सासूबाई कडाडल्या. "मारायचंय का पोरीला? ऊन वर आल्यावर घालायची. दहाला."

"दहाला मी ऑफिसात असते."

"हा कुठे असतो?"

हर्षलने वर बघितलं.

सकाळी नऊच्या सुमारास मी निघायची तयारी करत होते तेव्हा मोरीत गरम पाण्याची वाफ कोंदली होती. सासूबाईंनी हर्षलला आधी तालीम द्यायची म्हणून आजच्यापुरतं लवकर बसवलं होतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय लांब करून तो पाटावर बसला होता आणि त्याच्या केसाळ नडग्यांवर शर्वी पालथी पडून बादलीत हात घालायला बघत होती. घाबरलेला तो एकटाच होता.

"आई, ही हलतेय."

"मग काय मेलेली हवीय? मान धर. अरे मान, कान नाही! डाव्या हातानं."

"डावा हात साबणात आहे."

"मग साबण खाली ठेव. चार पोरं वाढवली मी, त्यातलं हे असलं निघालं."

मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते. तिची मान नीट धरली गेलीय का, पाणी फार कडक तर नाही, डोळ्यांत साबण जाईल का, टॉवेल हाताशी आहे का. टॉवेल खुंटीवर होता, लांब. मी पाऊल आत टाकलं.

"दार!" सासूबाई आणि हर्षल एकदम ओरडले. "दार लाव आधी, गारठा येतोय पोरीला!"

मी टाकलेलं पाऊल मागे घेतलं, आणि दार बाहेरून ओढून घेतलं.